हवालदारकीची तारीख: मामांच्या सर्व्हिस रेकॉर्डमधली दुरुस्ती

मामा भडगाव तालुक्यातले, पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी पारोळ्याला सीएससी (ऑनलाइन सरकारी कामांचं सेवा केंद्र) चालवतो. माजी सैनिकांचे हयातीचे दाखले आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलची कामं रोज हातात असतात, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. ज्यांची पदोन्नतीची तारीख अशीच मागे पडली आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या. युनिट, रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय), नंबर मुद्दाम गाळले आहेत.

६ मे २०२३

आखाजीला आईला घेऊन मामांकडे गेलो तेव्हा विषय निघाला, आज त्यांची फाईल घेऊन आलो.

मामा ऑगस्ट १९९४ मध्ये भरती झाले. सप्टेंबर २००६ मध्ये नाईक ते हवालदार कॅडर (पदोन्नतीसाठी लागणारा कोर्स) पास केला आणि लगेच राष्ट्रीय रायफल्सला काश्मीरमध्ये गेले. १ नोव्हेंबर २००८ ला त्यांच्या मागून भरती झालेले तिघं हवालदार झाले, मामा झाले नाहीत. त्यांना १ एप्रिल २०११ ला हवालदाराची फीत मिळाली. मे २०१८ मध्ये घरी आजोबांना अर्धांगवायू झाला, शेती बघायला कोणी नाही, म्हणून त्यांनी स्वतः अर्ज करून पेन्शन घेतली.

२०१९ मध्ये तालुक्यातल्या एका माहितगाराकडून त्यांनी अर्ज लिहून घेतला होता, ३,००० रुपये देऊन. पाच पानं. २००८ पासून हवालदार करा, त्यावरून नायब सुभेदार (हवालदाराच्या वरची रँक) करा, सगळा फरक व्याजासह द्या, नुकसानभरपाई द्या, दोषी क्लार्कची चौकशी करा. उत्तर दोन ओळींचं: पदोन्नती त्या वेळच्या पात्रतेनुसार दिली आहे, प्रकरण जुनं आहे.

मला ते उत्तर वाईट वाटलं तरी अनपेक्षित वाटलं नाही. पाच पानांत कॅडर कधी पास झाला याचा एकही पुरावा नव्हता, आणि मागण्या इतक्या की नेमकी कोणती नोंद चुकली हे वाचणाऱ्याला सापडू नये.

मामांना विचारलं, नेमकं काय हवं? म्हणाले, "पैसा दुसरी गोट शे. मन्हं नाव खाले कसं गयं, तितलं माले समजाडी दे."

१५ मे

काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. रँकच्या जागी आधीचं अक्षर खरवडून वर नवं लिहिलेलं दिसतं. आत लिव्ह सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, जुन्या पे स्लिप, मुलांची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या रेकॉर्डमध्ये नोंद घालणारा अधिकृत आदेश) निघाल्याच्या चिठ्ठ्या. बरेच कागद ओलीने एकमेकांना चिकटले होते. पिनांचा गंज कागदात उतरला होता. ओढले असते तर फाटले असते, म्हणून मामींनी ते सावलीत, चादरीवर, वर जड काही न ठेवता दोन दिवस पसरून ठेवले आणि मग एकेक सोडवले.

त्यात कॅडरच्या निकालाची बटालियन ऑर्डर निघाली. पातळ कागद, कार्बन कॉपी, अॅड्ज्युटंटची (बटालियनचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याची) सही, तारीख सप्टेंबर २००६. मामांचं नाव पास झालेल्यांत. याच कागदावर पुढचं सगळं उभं राहिलं.

लगेच स्कॅन केला, तीन प्रती साक्षांकित करून घेतल्या. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मूळ प्रत टपालाने कुठेही पाठवायची नाही हे त्याच दिवशी ठरलं.

२९ मे

स्पर्शवर तक्रार टाकून पाहिली. माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून निकाल लिहून ठेवतो: बंद झाली. कारण बरोबर आहे. स्पर्श पेन्शन देतं, सर्व्हिस रेकॉर्ड ठेवत नाही. रेकॉर्ड ऑफिसकडून जी तारीख जाते, त्यावर प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयात पेन्शन निघते. बँकेचा नंबर, पत्ता, पत्नीची जन्मतारीख अशा गोष्टींची सुरुवात इथून होते. पदोन्नतीची तारीख इथून हलत नाही. तीन आठवडे गेले.

१९ जून

माहितीच्या अधिकारात अर्ज पाठवला. अर्ज मामांच्या नावाने, मामांच्या सहीने, सोबत माजी सैनिक ओळखपत्राची प्रत. भाच्याच्या नावाने पाठवला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, आणि तो नकार कायद्याला धरून असतो. भाषा हिंदी ठेवली. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, रजिस्टर्ड पोस्ट.

मागितलं इतकंच:
शीट रोलची (जवानाच्या सेवेच्या नोंदवहीची) पूर्ण प्रत. कॅडर पास झाल्याच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. हवालदार पदोन्नतीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. २००८ च्या सिनिऑरिटी रोलमधलं बटालियनचं पान.

"का नाही दिली पदोन्नती?" असा प्रश्न घातला नाही. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, कारणं तयार करून मिळत नाहीत.

२४ जुलै

उत्तर आलं. प्रती मिळाल्या, पानाला २ रुपयांप्रमाणे आधी भरून. सिनिऑरिटी रोल नाकारला, कलम ८(१)(जे), इतरांची वैयक्तिक माहिती. कॅडरच्या मूळ कागदांबद्दल लिहिलं की मुदत संपल्यामुळे अधिकाऱ्यांच्या बोर्डाने नष्ट केले. ट्रंकेतली कार्बन कॉपी नसती तर इथेच थांबलो असतो.

पण शीट रोल आला. रात्री दुकान बंद करून मामा आणि मी ओळ न् ओळ वाचली. प्रत्येक नोंदीला घटनेची तारीख असते आणि ती ज्या पार्ट टू ऑर्डरने छापली तिचा नंबर आणि साल असतं. रजा, पोस्टिंग, मुलं, कोर्स, सगळीकडे दोन्ही सालं एकच किंवा एखाद्या वर्षाने पुढे. कॅडरच्या ओळीत घटना सप्टेंबर २००६ आणि ऑर्डरचं साल २०१०.

म्हणजे कॅडर पास झाल्याची ऑर्डर चार वर्षं छापलीच गेली नाही. २००८ ला बटालियनने नावं काढली तेव्हा कागदोपत्री मामा कॅडर न केलेले नाईक होते. २०१० च्या डिसेंबरात ऑर्डर निघाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये पदोन्नती. मधल्या काळात ते काश्मीरमध्ये होते, त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांना कळायला मार्गही नव्हता.

मामा त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाटत होतं की कोणीतरी वरिष्ठ नाराज होता, एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) बिघडवला. इतकी वर्षं त्यांनी एका माणसाचं नाव मनात धरून ठेवलं होतं. त्या माणसाचा काहीच संबंध नव्हता.

२९ ऑगस्ट

सिनिऑरिटी रोल मिळत नाही तर मागून आलेले आधी हवालदार झाले हे दाखवायचं कसं? अपील करून ती माहिती मिळण्याची आशा कमी, वेळ मात्र जाणार. मामांनी त्यांच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. त्या तिघांपैकी दोघं आपल्याच भागातले, एक चाळीसगावकडचा, एक साक्रीचा. कानबाईच्या रोटांसाठी दोघं गावी होते. दोघांनी स्वतःहून डिस्चार्ज बुकच्या प्रती आणि आपली कागदपत्रं वापरायला हरकत नाही असं सहीचं पत्र दिलं. साक्रीचे काका पिशवीतून डिस्चार्ज बुक काढताना मामांना म्हणाले, "तू पुढे होतास हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं."

ज्यांच्यामुळे आपण मागे राहिलो असं वाटतं, त्यांच्याकडेच बहुधा हा पुरावा असतो. त्यांच्याशी बोलणं ठेवा.

११ सप्टेंबर

धुळ्याला एका निवृत्त हेड क्लार्क साहेबांकडे गेलो. त्यांनी फी घेतली नाही. दुपार त्यांच्या ओसरीवर गेली आणि तिथे कामाची दिशा बदलली.

पहिली गोष्ट, नायब सुभेदाराची मागणी काढा. ती पदोन्नती आपोआप मिळत नाही, त्यासाठी त्या वेळचे एसीआर, कोर्स, जागा हे सगळं लागतं. शिवाय त्यात दुसऱ्यांच्या सिनिऑरिटीला धक्का लागतो. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात हाच फरक केला आहे: पगार किंवा पेन्शनची चुकीची निश्चिती दर महिन्याला चालू राहते, म्हणून उशीर झाला तरी ऐकतात, थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांची देतात. सिनिऑरिटी आणि पदोन्नतीचा दावा उशिरा आणला तर तो शिळा धरतात, कारण त्यात इतरांचे हक्क गुंतलेले असतात. २०१९ च्या अर्जात दोन्ही एकत्र बांधले होते आणि जड बाजूने हलकी बाजूही बुडवली.

दुसरी गोष्ट पैशांची. घरात सगळ्यांना वाटत होतं की तारीख बदलली की पेन्शन खूप वाढेल. तसं नाही. वन रँक वन पेन्शनचं कोष्टक रँक, ग्रुप आणि एकूण सेवा बघतं. हवालदार म्हणून किती वर्षं काढली ते बघत नाही. शिवाय ७ नोव्हेंबर २०१५ नंतर मामांसारखे स्वतः अर्ज करून बाहेर पडलेल्यांना ते लागूच नाही. म्हणजे फरक पडला तर तो शेवटच्या पगारातून.

आणि तिथे एमएसीपी येते, म्हणजे पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरचं वेतन देणारी योजना. जवानांना ८, १६ आणि २४ वर्षांवर वेतनवाढीचा टप्पा असतो, किंवा एकाच ग्रेड पेमध्ये (पदाप्रमाणे ठरणारा पगाराचा भाग) सलग ८ वर्षं झाली तर. मामांना १६ वर्षांवर, ऑगस्ट २०१० ला, हवालदाराचा २,८०० ग्रेड पे मिळालाच होता. पुढचा टप्पा २४ वर्षांवर, ऑगस्ट २०१८ ला. ते मे २०१८ मध्ये घरी आले, तीन महिने आधी, आणि तो टप्पा गेला. हवालदारकीची तारीख नोव्हेंबर २००८ धरली तर २,८०० मधली आठ वर्षं नोव्हेंबर २०१६ ला पूर्ण होतात आणि टप्पा नोकरीतच पडतो. त्यातून शेवटचा पगार वाढतो, आणि पेन्शन, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) सगळं पुन्हा काढावं लागतं.

साहेबांनी हे पाठकोऱ्या कागदावर मांडून दिलं. मूळ पेन्शनमध्ये वाढ शेकड्यांत बसते, हजारांत नाही. मामांना तिथेच स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, चालू द्या.

३ ऑक्टोबर

नवा अर्ज, दीड पान, रेकॉर्ड्सच्या ऑफिसर इन चार्ज यांना. कपाशीची वेचणी सुरू होण्याआधी सही घेतली, नंतर मामा शेतातून हलत नाहीत.

मजकूर असा बसवला: शीट रोलमधल्या अमुक ओळीत घटना २००६ ची आणि ऑर्डर २०१० ची आहे. विलंब अर्जदाराकडून झालेला नाही, तो तेव्हा राष्ट्रीय रायफल्समध्ये होता, मूव्हमेंट ऑर्डर सोबत. १ नोव्हेंबर २००८ ला त्याच्या मागच्यांना पदोन्नती मिळाली, प्रती सोबत. तेव्हा पदोन्नतीची तारीख दुरुस्त करणारी पार्ट टू ऑर्डर काढावी, वेतन व एमएसीपी पुन्हा निश्चित करावी आणि सुधारित पीपीओसाठी (पेन्शन मंजुरीच्या आदेशासाठी) कागद पाठवावेत. नायब सुभेदाराची मागणी नाही, कोणाच्या सिनिऑरिटीवर हरकत नाही, असं एक वाक्य शेवटी मुद्दाम घातलं.

अन्याय, त्याग, देशसेवा हे शब्द एकदाही आले नाहीत. मामांना ते थोडं लागलं. पण टेबलावरच्या माणसाला दुरुस्त करता येईल अशी एकच गोष्ट समोर ठेवायची होती.

झेरॉक्स, साक्षांकन, रजिस्टर्ड पोस्ट मिळून ३४० रुपये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं अग्रेषण पत्र जोडलं, त्याला खर्च नाही.

२० नोव्हेंबर

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र: प्रकरण बटालियनकडे पाठवलं. आणि त्याच आठवड्यात बटालियनच्या पत्राची प्रत: सदर व्यक्ती निवृत्त असून कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिसकडे आहेत, तेव्हा कार्यवाही त्यांनी करावी.

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. ऑर्डर काढायची बटालियनने आणि कागद आहेत रेकॉर्डकडे. पुढे जे येतील त्यांनी पहिल्या दिवशीच अर्जाची प्रत दोन्हीकडे पाठवावी आणि बटालियनच्या प्रतीला शीट रोलचं ते पान जोडावं. आम्ही ते आज केलं.

१२ डिसेंबर

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकलेली तक्रार "संबंधित कार्यालयाकडे पाठवली" असा शेरा मारून बंद झाली.

१६ जानेवारी २०२४

दुसरा माहिती अर्ज, या वेळी फक्त फाईलबद्दल: ऑक्टोबरच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला कोणी काय टिपणी लिहिली, त्या टिपणीच्या प्रती. पुन्हा १० रुपये. याचा परिणाम इतर कशाहीपेक्षा जास्त झाला. टिपणीची प्रत द्यायची म्हणजे टिपणी लिहिलेली असावी लागते.

२१ फेब्रुवारी

टिपणीच्या प्रती आल्या. तिसऱ्या पानावर कोणीतरी लिहिलं आहे की अर्जदाराचं म्हणणं शीट रोलशी जुळतं, मूळ बटालियन ऑर्डर तपासावी. पहिल्यांदा त्यांच्या हातचं वाक्य मिळालं. सोबत पत्र: मूळ कागद पाठवा. आम्ही कळवलं, कागद घेऊन समक्ष येतो.

१८ मार्च

मामा आणि मी रेकॉर्ड ऑफिसला गेलो. दोघांचं रेल्वे भाडं, राहणं, जेवण धरून ४,१०० रुपये, या सगळ्या कामातला सर्वात मोठा खर्च.

गेट पास, मग बाकावर वाट. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, छातीवर बटालियनचा छोटा पिन. आत बोलावल्यावर ते सवयीने सावधान झाले. टेबलामागच्या सुभेदार साहेबांनी आधी त्यांना बसवलं, पाणी मागवलं, मग शीट रोलची मूळ वही काढली. कार्बन कॉपी फोल्डरमधून न काढता वहीशेजारी ठेवली. त्यांनी अॅड्ज्युटंटची सही २००६ च्या दुसऱ्या एका नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली. मग कॅडरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि क्लार्कला म्हणाले, "ये तो हमारे ही कागज़ में है।"

मूळ कागद आम्हाला परत मिळाला. त्यांनी समोर बसून प्रत काढली आणि "मूळ पाहिलं" असा शिक्का मारला. टपालाने पाठवला असता तर हा शिक्का मिळाला नसता.

४ जुलै

आदेश आला, तारीख २७ जून. आधीच्या पदोन्नतीच्या नोंदीत दुरुस्ती, हवालदार १ नोव्हेंबर २००८ पासून. तिसरी एमएसीपी १ नोव्हेंबर २०१६ पासून. मात्र २००८ ते २०१० मधलं वेतन काल्पनिक, म्हणजे त्या काळाचा प्रत्यक्ष फरक द्यायचा नाही, कारण त्या पदावर काम केलं नाही.

मामांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी तारीख पुन्हा म्हणायला लावली. संध्याकाळी मामींचा फोन आला, त्यांनी साक्री आणि चाळीसगावला आधीच कळवलं होतं.

२ सप्टेंबर

सुधारित पीपीओ स्पर्शवर दिसू लागला. रँक तीच, वेतन निश्चिती नवी. धुळ्याच्या साहेबांनी काढलेल्या आकड्यात आणि आलेल्या आकड्यात किरकोळ फरक, तो पूर्णांकाचा. पेन्शनची थकबाकी मागच्या तीन वर्षांचीच धरली आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कौटुंबिक पेन्शनचा आकडा बदलला का ते वेगळं तपासलं. बदलला आहे. मामींचं नाव, जन्मतारीख आणि आधारचं स्पेलिंग त्याच बैठकीत जुळवून घेतलं, कारण पुढे तोच कागद त्यांना लागणार आहे.

५ ऑक्टोबर

वेतनाच्या प्रत्यक्ष फरकासाठी पाठवलेलं पत्र नाकारलं गेलं. रक्कम मोठी नाही. ४०० रुपये ग्रेड पेचा फरक, एक वेतनवाढ आणि त्यावरचा महागाई भत्ता, नोव्हेंबर २००८ ते ऑगस्ट २०१० पर्यंत. तरी मामांनी मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं ठरवलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. काम करायला तयार असलेल्या माणसाला स्वतःचा दोष नसताना त्या पदापासून दूर ठेवलं तर "काम नाही तर पगार नाही" लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ च्या जानकीरामन निकालात म्हटलं आहे. तो निकाल नागरी सेवेतला आहे आणि वेगळ्या प्रसंगातला. इथे टिकेल की नाही ते वकील बघतील. तीन वर्षांची मर्यादा इथेही आडवी येऊ शकते, हे वकिलांनी आधीच सांगितलं आहे.

अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नकाराचं पत्र नंतरचं असलं तरी आम्ही मुदत २७ जूनपासूनच मोजतो आहोत. गठ्ठ्यात शीट रोलचं पान, बटालियन ऑर्डरची शिक्क्याची प्रत, टिपणीचं तिसरं पान, २७ जूनचा आदेश आणि दोन डिस्चार्ज बुकच्या प्रती लावल्या आहेत. २०१९ चा पाच पानी अर्जही जोडावा लागतो आहे, कारण आधी काय मागितलं होतं ते लपवून चालत नाही. वकीलपत्रावर मामांची सही काल घेतली. दिवाळीच्या आधी दाखल करायचं आहे.